गिरगावातली खोली: भाडं शे-दोनशे, तरी घर परवडत का नाही?

गिरगावात आजही अशी बिऱ्हाडं आहेत, ज्यांचं महिन्याचं भाडं शे-दोनशे रुपयांच्या पुढे गेलेलं नाही. त्याच चाळीत, त्याच मजल्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाची तेवढीच खोली नव्याने आलेल्या जोडप्याला हवी असेल, तर महिन्याला पाच आकडी रक्कम मोजावी लागते, नाहीतर एकरकमी काही लाख उभे करावे लागतात. भिंती त्याच, पाणी येण्याची वेळ तीच, सामाईक संडासही तेच. मग हा फरक येतो कुठून?

बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. पण वर्षानुवर्षं तिथे राहिलेल्या कितीतरी घरांतही आपल्या खोलीवर आपला नेमका हक्क काय, हे कुणाला सांगता येत नाही. "पागडीची आहे" एवढंच माहीत असतं. वडील जातात, मालक इमारत विकतो किंवा चाळ पाडायचं ठरतं, तेव्हा ट्रंकेतल्या पावत्या शोधायला सुरुवात होते. तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून हा सगळा व्यवहार मुळापासून समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. गिरगावची स्वस्ताई सगळ्यांसाठी नाही. ज्यांचा ताबा जुना आहे त्यांच्यापुरती ती आहे, आणि तिची किंमत त्या इमारतींच्या तुळया, जिने आणि गच्च्या गेली ऐंशी वर्षं मोजत आल्या आहेत.

गिरगाव म्हणजे वाड्यांचं गाव. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, मुगभाट, ठाकूरद्वार. मधेच खोताच्या वाडीतली लाकडी ओसऱ्यांची ख्रिस्ती घरं. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. चर्नी रोड आणि मरीन लाइन्स ही दोन्ही स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर, चौपाटी जवळ, आणि ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचं स्टेशनही दारात. दक्षिण मुंबईत अशा ठिकाणी मध्यमवर्गीय मराठी माणूस टिकून राहिला, त्यामागे एका कायद्याचा मोठा हात आहे.

भाडं गोठलं ते असं

मुंबईत घरभाड्यावर सरकारी लगाम पहिल्या महायुद्धापासून आहे. १९१८ साली युद्धकाळापुरता म्हणून पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसांचा लोंढा आला, घरं तेवढीच राहिली आणि मालक मागतील ते भाडं द्यायची वेळ आली. त्यावर उपाय म्हणून नियंत्रणाचे कायदे झाले आणि त्यांतूनच १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचं जे भाडं होतं, तेच तिचं 'प्रमाण भाडं' ठरलं. इमारत त्यानंतर बांधली असेल, तर ती पहिल्यांदा भाड्याने दिली तेव्हाचं भाडं धरायचं. त्याहून जास्त घेणं बेकायदा झालं. भाडेकरू वेळेवर भाडं देत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या ठराविक कारणांशिवाय त्याला बाहेर काढता येईना.

त्या वेळी हे योग्यच होतं. फाळणीनंतर निर्वासित येत होते, गिरण्या चालू होत्या, आणि हा आधार नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. चूक पुढे झाली. तात्पुरता म्हणून केलेला कायदा दर काही वर्षांनी पुढे ढकलला गेला आणि भाडं मात्र १९४० च्या आकड्यावरच राहिलं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती, म्हणून न्यायालयाने तो रद्द मात्र केला नाही. सरकारने मुदत पुन्हा वाढवली आणि शेवटी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज चालतो तो हाच.

या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब करून बघा. २००० साली एखाद्या खोलीचं भाडं ५० रुपये असेल आणि दरवर्षी वाढलेल्या भाड्यावर पुन्हा ४ टक्के चढत गेले, तरी २५ वर्षांनी ते साधारण १३३ रुपये होतं. एवढ्यात प्लंबरही येत नाही. दहा खोल्यांच्या मजल्याचं सगळं भाडं एकत्र केलं तरी जिन्याची एक कुजलेली पायरी बदलून होत नाही. मालक इमारतीकडे लक्ष देत नाही ही भाडेकरूची तक्रार खरी, आणि या भाड्यात लक्ष देऊ कसं हा मालकाचा प्रश्नही खरा. दोघांपैकी एकाला खलनायक ठरवून हा गुंता सुटत नाही.

पागडी म्हणजे नेमकं काय

भाडं वाढवता येत नाही आणि भाडेकरूला काढताही येत नाही, अशा स्थितीत खोलीची खरी किंमत दुसरीकडून बाहेर पडायला लागली. नवा भाडेकरू आत येताना मालकाला एकरकमी पैसे देऊ लागला. जुना भाडेकरू जागा सोडताना येणाऱ्याकडून पैसे घेऊ लागला आणि त्यातला हिस्सा मालकाला देऊ लागला. हीच पागडी. १९४७ च्या कायद्यात ती गुन्हा होती, तरी अख्खी मुंबई त्यावर चालत होती. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने तिला कायदेशीर केलं. मालकाने भाडेकरार देताना अधिमूल्य, म्हणजे भाड्यावेगळी एकरकमी रक्कम, घेणं आणि भाडेकरूने जागा सोडताना मोबदला घेणं, दोन्ही आता चालतं.

पागडीने घेतलेली खोली तुमच्या मालकीची होत नाही. जमीन मालकाची, इमारत मालकाची. तुमच्याकडे असतो तो तिथे राहण्याचा हक्क. तो पक्का आहे, मुलाबाळांकडे जाऊ शकतो, पैसे घेऊन सोडता येतो, पण तो भाडेकरूचाच हक्क. त्यामुळे बँका पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. सगळे पैसे स्वतःच्या खिशातून आणावे लागतात, आणि इथेच तरुण जोडपी बाद होतात. डोंबिवलीत किंवा विरारला कर्ज काढून घर घेता येतं, गिरगावातली खोली त्याहून लहान आणि मोडकळीला आलेली असली तरी कर्जावर घेता येत नाही. गिरगावातला मराठी टक्का कमी झाला म्हणून हळहळ व्यक्त होते, पण त्यामागचं हे साधं कारण फारसं बोललं जात नाही.

पागडीच्या व्यवहारात तीन बाजू असतात. जाणारा भाडेकरू, येणारा भाडेकरू आणि मालक. जाणारा आपला हक्क मालकाकडे सोडतो आणि मालक येणाऱ्याच्या नावाने नवा भाडेकरार करतो. ठरलेल्या रकमेतला मालकाचा हिस्सा बहुतेक ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपास असतो. हा आकडा कायद्यात लिहिलेला नाही, तो रिवाज आहे. मालक याहून जास्त मागू शकतो, व्यवहाराला नकारही देऊ शकतो. मालकाला बाजूला ठेवून भाडेकरूने परस्पर केलेला व्यवहार मात्र कच्चा. पैसे गेले आणि पावती नावावर झाली नाही, अशी उदाहरणं प्रत्येक वाडीत सापडतील. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नवा करार होताना मालक भाडंही वाढवून घेतो, तेव्हा जुन्या पावतीवरचा आकडा पाहून आपलंही भाडं तेवढंच राहील असं धरून चालू नका.

गिरगावात खोलीची चौकशी करताना जुनी माणसं पहिलं विचारतात ते, "पावती कुणाच्या नावावर आहे?" हा प्रश्न अगदी नेमका आहे. भाडेपावती हाच भाडेकरू असण्याचा रोजचा पुरावा. भाडं घेतलं की पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. मालक किंवा त्याचा मेहता (भाडं गोळा करणारा कारकून) भाडं घ्यायलाच टाळाटाळ करत असेल, तर गप्प बसू नये. थकबाकी हे घर खाली करून घेण्याचं कारण होऊ शकतं. भाडं चेकने किंवा बँकेमार्फत पाठवावं, सोबत पत्र द्यावं आणि दोन्हींचा पुरावा जपून ठेवावा. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. म्हणून अशी नोटीस आली तर घाबरायचं कारण नाही, पण ती कपाटात टाकूनही द्यायची नाही.

आजोबांच्या नावाची पावती

सर्वांत जास्त घरं फुटतात ती इथे. पावती आजोबांच्या नावावर. एक मुलगा शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर खोलीत राहिला, दुसरा तीस वर्षांपूर्वी डोंबिवलीला गेला, आत्या लग्न होऊन पुण्याला. आजोबा गेल्यावर भाडेकरू कोण?

कायदा म्हणतो, राहती जागा असेल तर मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहत असलेला कुटुंबातला माणूस. तसं कुणीच नसेल, तर वारस. त्यात एकमत होत नसेल तर न्यायालय ठरवतं. म्हणजे बँकेतल्या ठेवीसारखी खोलीची सरळ वाटणी होत नाही. बरोबर राहणारी लेक असेल तर तिचाही हक्क मुलाइतकाच, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाडीतल्या बैठकीत ते सोयीस्करपणे विसरलं जातं. आणि मृत्युपत्राने हा हक्क हव्या त्या माणसाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हे स्पष्ट केलेलं आहे. "काकांनी खोली माझ्या नावावर लिहून ठेवलीय" एवढ्यावर भाडेकरू होता येत नाही.

ज्याचा हक्क आहे त्याने मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी किंवा वीजबिल असे राहत असल्याचे पुरावे आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र जोडून मालकाला लेखी कळवावं आणि पावती नावावर करून मागावी. नाव बदलायला पैसे मागितले जातात ही वस्तुस्थिती आहे. पण हा हक्क कायद्याने आलेला असतो, पावती त्याची नोंद आहे, एवढं ध्यानात ठेवून बोलणी करावीत.

हक्क जातो कसा, हेही माहीत हवं. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, किंवा सबळ कारण नसताना सलग सहा महिने खोली वापरलीच नाही, तर मालक लघुवाद न्यायालयात जाऊ शकतो. स्वतःसाठी जागेची खरी गरज असेल तरीही जाऊ शकतो. उपनगरात फ्लॅट घेऊन गिरगावच्या खोलीला कुलूप लावून ठेवणाऱ्यांनी सहा महिन्यांची ही अट नीट लक्षात घ्यावी. गणपतीत पाच दिवस येऊन दिवा लावला म्हणजे वापर चालू आहे, असं न्यायालय मानेलच याचा भरवसा नाही.

टेकू आणि उपकर

भाड्यातून दुरुस्ती होत नाही हे सरकारला साठच्या दशकातच कळलं होतं. इमारती पावसात कोसळत होत्या. म्हणून १९६९ चा कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि जुन्या भाडेकरू इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. हा उपकर महापालिका मालमत्ता कराबरोबर गोळा करते. पुढे हे मंडळ म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, आलं. 'सेस बिल्डिंग' म्हणतात ती हीच, उपकरप्राप्त इमारत. सुरुवातीला शहर विभागात अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. ३० सप्टेंबर १९६९ नंतर बांधलेल्या इमारती यात येत नाहीत.

उपकर भरल्यावर मोठी दुरुस्ती मंडळाने करायची, पण प्रति चौरस मीटर किती खर्च करायचा याला मर्यादा आहे. खर्च मर्यादेबाहेर गेला तर वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असं ठरायचं. त्यामुळे गॅलरीखाली लाकडी टेकू लागतात, आणि हंगामी म्हणून लावलेल्या टेकूंच्या आधाराने माणसं वर्षानुवर्षं जगतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३० हून अधिक माणसं गेली. जुलै २०२० मध्ये फोर्टात भानुशाली इमारतीचा भाग पडला. दोन्ही ठिकाणं गिरगावपासून फार लांब नाहीत. स्वस्त भाड्याबद्दल बोलताना ही माणसं हिशेबात धरलीच पाहिजेत.

इमारती मालकांकडून काढून रहिवाशांना देण्याचाही प्रयत्न झाला. १९८६ साली म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांनी अर्ज केला, तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट मोबदला देऊन इमारत संपादन करायची. शंभर रुपये भाड्याच्या खोलीमागे मालकाला दहा हजार रुपये. मालकांची संघटना न्यायालयात गेली, आणि या चाळींच्या भांडणातून उभा राहिलेला प्रश्न थेट नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत पोचला. ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या कलम ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती', म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटायची संपत्ती, ठरत नाही. साऱ्या देशाला लागू असलेल्या या निकालाचं मूळ मुंबईच्या पागडीत आहे.

पुनर्विकास: इथे घाई करू नये

आज गिरगावात फिरलं की चाळींच्या मधोमध उंच टॉवर दिसतात. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) नियमाखाली ते उभे राहतात. उपकरप्राप्त इमारत पाडून विकासकाने जुन्या भाडेकरूंना नवी घरं मोफत द्यायची आणि त्या बदल्यात मिळालेल्या जादा बांधकामाच्या परवानगीतली घरं बाजारात विकायची. भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं, म्हणजे भिंतींच्या आत तेवढी जागा असलेलं, घर मिळतं आणि ते मालकी हक्काने मिळतं. आधी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. वाड्या अरुंद आणि इमारती खेटून असल्यामुळे एकेका चाळीचा टॉवर केला की खाली अंधार आणि वर रस्त्याला न पेलणारी वस्ती होते. म्हणून ३३(९) नियमाखाली किमान ४,००० चौरस मीटरचा समूह घेऊन विकास करणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. पण त्यासाठी अनेक मालक आणि शेकडो भाडेकरू एकत्र आणावे लागतात, आणि तिथेच गाडं अडतं.

संमतीपत्रावर सही करण्याआधी काय बघायचं? पहिलं, भाडेकरूंच्या प्रमाणित यादीत आपलं नाव, खोली क्रमांक आणि क्षेत्रफळ बरोबर आहे का. ही यादी दुरुस्ती मंडळ तपासून प्रमाणित करतं आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेहक्क त्यात धरले जात नाहीत. दोन भावांनी मधे भिंत घालून खोलीच्या दोन पावत्या केल्या म्हणून घरं दोन मिळतील, या आशेवर राहू नये.

दुसरं, कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत झाल्याशिवाय खोली रिकामी करू नये. नव्या घराचं क्षेत्रफळ, मजला, बांधकामाची मुदत, दरम्यानच्या काळातलं भाडं आणि ते थांबलं तर काय, हे सगळं त्या करारात हवं. भाडं दोन वर्षं येतं, मग बंद होतं, खड्डा तसाच राहतो आणि माणसं भाईंदरला भाड्याच्या घरात म्हातारी होतात. असे अर्धवट प्रकल्प ताब्यात घेण्यासाठी म्हाडा कायद्यात ९१-अ हे कलम आलं आहे. धोकादायक इमारतीसाठी त्याचं जोडीदार ७९-अ. त्यात आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि दोघांनीही प्रस्ताव आणला नाही तर म्हाडाने स्वतः पुढे व्हायचं. २०२२ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाल्यापासून रहिवाशांना यामुळे धीर आला आहे, तरी या कलमाखालच्या नोटिसांवरून न्यायालयात वादही झाले आहेत.

तिसरं, टॉवरमधला महिन्याचा खर्च. लिफ्ट, पंप, पहारेकरी, आग विझवण्याची यंत्रणा, मालमत्ता कर. दीडशे रुपये भाडं देणाऱ्या निवृत्त आजींना दरमहा हजारांत देखभाल खर्च येऊ लागला, तर मोफत मिळालेलं घर त्यांना विकावं लागतं. चाळ उभी असताना न झालेलं स्थलांतर टॉवर झाल्यावर होतं, ते यामुळे. म्हणून विकासकाकडून कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी ठेवायची एकरकमी ठेव, किती मिळणार आणि त्याच्या व्याजातून महिन्याचा किती भार निघेल, याचा हिशेब कागदावर मांडून मागावा. सभेत हा प्रश्न विचारणारा माणूस अडवणूक करतो असं काहींना वाटेल. त्याने तरीही विचारावा.

इमारत पडली किंवा पाडली तर भाडेकरूचा हक्क संपतो, अशी भीती घातली जाते. ती खोटी आहे. सांगलीतल्या एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारत गेली तरी भाडेहक्क जात नाही. म्हणून धोकादायक इमारत सोडायची वेळ आली, तर हक्काच्या भीतीने जीव धोक्यात घालू नये. पंचनामा, खोलीचं मोजमाप आणि ताबा दिल्याचा कागद घेऊन बाहेर पडावं. दरम्यान राहायला दिलं जाणारं संक्रमण शिबिर आवडीच्या ठिकाणी मिळत नाही, हे खरं.

नव्याने भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठी

तुम्हाला पागडी जमत नसेल, तर उरतो लिव्ह अँड लायसन्सचा करार. यात तुम्ही भाडेकरू नसता, परवानाधारक असता. मुदत संपली की निघायचं. निघाला नाहीत तर १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक तुमच्याकडून दुप्पट रक्कम मागू शकतो. हे कठोर वाटेल, पण त्यालाही इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे असे करार चालू होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. तेव्हापासून मालकांनी धास्ती घेतली आणि कित्येक जागा रिकाम्या ठेवल्या, कुलपं लावली. आजच्या करारातली कडक भाषा त्या धास्तीतून आलेली आहे.

गिरगावात एक धोका खास आहे. तुम्हाला खोली देणारा माणूस बहुधा इमारतीचा मालक नसतो, तो स्वतः पागडीचा भाडेकरू असतो. कलम २६ प्रमाणे, त्याच्या करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, तो खोली परवान्यावर देऊच शकत नाही. मालकाने दावा लावला तर त्याची जागा जाते आणि त्याच्याबरोबर तुमचीही. तेव्हा "पावती कुणाच्या नावावर आहे?" हा प्रश्न तुम्हीही विचारा, पावतीची प्रत बघा आणि इमारतमालकाचं लेखी संमतीपत्र मागा. "मालकाला सांगू नका, कुणी विचारलं तर भाचा आहे म्हणा" असं सुचवलं गेलं, तर ती खोली घेऊ नका. डिपॉझिट परत मिळवायची वेळ आली की नातं कुणालाच आठवत नाही.

कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही त्यात मिळवतात. मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये. करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर वादात तुमचं म्हणणं ग्राह्य धरायची तरतूद आहे, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा हजार-दोन हजार खर्च केलेले बरे. डिपॉझिट रोख देऊ नका.

मग राहण्याचं. खोली बघायला संध्याकाळी जाऊ नका, पहाटे पाणी येतं त्या वेळी जा. किती वेळ येतं, किती दाबाने येतं, साठवायला पोटमाळ्यावर टाकी आहे का, मोरी खोलीत आहे का, संडास किती बिऱ्हाडांत एक आहे, हे डोळ्यांनी बघा. घरात म्हातारं माणूस असेल तर लाकडी जिना त्यांना एकदा चढायला लावा. जुनी वायरिंग एसीचा भार घेईल का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवा. शेजाऱ्यांशी बोला, कारण चाळीत दार उघडं असतं आणि तुमचं येणं-जाणं, पाहुणे, आवाज सगळ्यांच्या समोर असतं. कुणाला ते जाचक वाटतं. रात्री दोन वाजता आजारी माणसाला खाली उतरवायचं असतं तेव्हा मजल्यावरची चार माणसं न बोलावता येतात, ते याच उघड्या दारांमुळे. माझ्या मते गिरगावात राहायला जाण्याचं ते सगळ्यांत मोठं कारण आहे.

शेवटी इमारतीचं वय आणि तिचा दर्जा विचारा. उपकरप्राप्त असेल, तर म्हाडा दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती बघा. त्या यादीत नाव असलेल्या चाळीत, भाडं कितीही कमी असलं तरी, राहायला जाऊ नका.